माझ्या लग्नाचा थर

मला राग लवकर येतो आणि आला की जात नाही. माहेरी, पिंप्राळ्यात, माझा धाकटा भाऊ म्हणायचा की ताईचा राग म्हणजे कैरीचं लोणचं, मुरेल तसा चढतो. एका माणसावरचा राग मी दहा वर्षं असाच झाकण लावून मुरवला. तो माणूस म्हणजे माझे कॉलेजातले सर. त्यांचा हिशेब मी कसा चुकता केला ते सांगणार आहे. मला त्याचा पश्चात्ताप झालेला नाही, तेव्हा शेवटी तसं काही वाचायला मिळेल ही आशा ठेवू नका.

जळगावच्या कॉलेजात बी.एस्सी.ला जिऑलॉजी घेतलेली मी वर्गातली एकटी मुलगी. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. मुली बॉटनी घ्यायच्या, फार तर केमिस्ट्री. नातेवाईक वडिलांना विचारायचे, पोरगी दगडांत काय शिकते? वडील कचेरीत कारकून. ते म्हणायचे, मला कळत नाही, पण रात्री जेवताना ती सांगते तेव्हा ऐकायला बरं वाटतं. मला दगड मनापासून आवडायचे. आपल्या पायाखाली काय आहे आणि ते तिथं कसं आलं, हे कळण्यासारखं दुसरं सुख मला त्या वयात माहीत नव्हतं.

सर शिकवायचे चांगलं. हे मला नाइलाजानं लिहावं लागतंय. त्यांच्याबद्दल अरेतुरे लिहायलाही हात धजत नाही, संस्कार फार चिवट असतात. पहिल्याच तासाला त्यांनी सांगितलं होतं, "दगडाला आधी प्रदक्षिणा घाला, मग तोंड उघडा." म्हणजे खडक चारी बाजूंनी पाहिल्याशिवाय तो कुठला हे बोलायचं नाही. मी ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं होतं. पुढं ते त्यांच्याच गळ्यात अडकवीन असं तेव्हा मनातही नव्हतं.

शेवटच्या वर्षी सातपुड्यात आठ दिवसांची सहल असायची. तंबू, स्वयंपाकी, खटारा गाडी. त्या सहलीचा अहवाल लिहायचा, त्याला गुण असायचे आणि पुण्याला एम.एस्सी.चा प्रवेश देताना तो अहवाल मागून घ्यायचे. मला पुण्यालाच जायचं होतं. मी कॅनव्हासचे बूट घेतले, लोहाराकडून हातोडी करून घेतली, तिला दांडा वडिलांनी बसवून दिला. निघायच्या आदल्या दिवशी सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं.

"तू येऊ नकोस," ते म्हणाले. "एकटी मुलगी. जबाबदारी कोण घेणार? तू लायब्ररीत बसून अहवाल लिही."

मी म्हणाले, "सर, माझे वडील बरोबर येतील. रजा टाकलीय त्यांनी."

ते हसले. "वडिलांना घेऊन दगड फोडायला? अगं, शेवटी लग्नच करायचंय ना तुला." बाकीचे प्राध्यापकही हसले. त्यात एकाच्या तोंडात पान होतं, तो हसताना टेबलावर उडालेला लाल थेंब मला आजही दिसतो.

मी लायब्ररीत बसून लिहिलं. जेमतेम पास होण्याइतके गुण मिळाले. अहवालावर सरांच्या हस्ताक्षरात शेरा होता: "प्रत्यक्ष पाहणीचा अभाव." ज्यानं दार लावून घेतलं त्यानंच लिहावं की बाई आत आल्या नाहीत. पुण्याहून नकार आला. वर्ष वाया जाऊ नये म्हणून बी.एड. केलं आणि मग सरांचं भाकीत खरं करण्यासाठी लग्न केलं.

सासर चोपड्याकडचं. केळीचं आणि कापसाचं घर, माणसं चांगली, नवरा बोलतो कमी आणि ऐकतो जास्त, म्हणून आमचं जमलं. चोपड्याच्या हायस्कूलमध्ये मला भूगोल शिकवायची नोकरी लागली. आमच्या गावाच्या आणि तापीच्या मधल्या पट्ट्यात जमीन नाल्यांनी कुरतडून टाकलेली आहे. घळीच घळी, आणि त्यांच्या कडांतून चुनखडीचे पांढरे खडे दातांसारखे बाहेर आलेले. पूर्वी लोक ते वेचून भट्टीत भाजायचे आणि घराला लावायचा चुना करायचे. मी नवी सून असतानाच त्या घळींत उतरायला लागले. सासूबाई म्हणायच्या, "कसाले हिंडस व नालामा? काय दडेल शे तठे?" मी म्हणायचे, काही नाही आई, दगड. त्या कपाळाला हात लावायच्या, पण उन्हाची म्हणून डोक्यावर बांधायला ओला पंचा द्यायच्या. रविवार, सुट्ट्या, पोरं झोपलेल्या दुपारी, असं करत सगळा पट्टा मी पायाखाली घातला. मला न नेलेली सहल मी अशी एकटीनं, हप्त्याहप्त्यानं करून घेतली.

आता या गावची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. गावाच्या शिवेवर, जुन्या गाडरस्त्याच्या वळणाला, नाल्याच्या काठात अर्धा रुतलेला छातीएवढा दगड आहे. तो शिवेचा देव. त्याला शेंदूर नाही, नारळ नाही, झेंडा नाही. त्याला फक्त चुना आणि गेरू चालतो. लग्न करून नवरा-नवरी गावात शिरायच्या आधी तिथं थांबतात. नवऱ्यानं दगडाच्या तोंडाला चुन्याचा जाड हात द्यायचा आणि तो ओला असतानाच नवरीनं त्यावर गेरूचा आडवा पट्टा ओढायचा. मग गावात पाऊल. किती पिढ्यांचं हे चाललंय कुणाला माहीत नाही. चुन्यावर गेरू, गेरूवर चुना, असं करत दगडाच्या पुढच्या अंगाला वीतभर जाड कवच आलेलं आहे. मी पट्टा ओढला तेव्हाही माझी नजर आधी मागच्या बाजूला गेली होती. मागं बोरीच्या काट्यांत कुणी जात नाही. तिथं तो साधा आपला काळा पाषाण आहे, खानदेशात कुठंही असतो तसा.

मग गावाला पलीकडून डांबरी सडक आली आणि वराती तिकडून यायला लागल्या. जुन्या रस्त्यावर केळीचे ट्रॅक्टर तेवढे राहिले. चुन्यावर धूळ बसली, पावसाळ्यांनी तो करडा पडला, शेवाळ धरलं. एकदा वळताना एका ट्रॉलीनं कवचाचा कोपरा खरवडून काढला. तिथं आतले थर उघडे पडले, पांढरा, तांबडा, पांढरा, तांबडा. माहीत नसलेल्या माणसाला तो देव वाटला नसता. खडकच वाटला असता.

नव्वद साल उलटल्यावर एका उन्हाळ्यात भूगोलाच्या शिक्षकांचं शिबिर चोपड्याला भरलं. रावेरपासून धुळ्यापर्यंतचे शिक्षक आले होते. कार्यक्रमात एक दिवस 'चुनखडीच्या प्रदेशातून भ्रमंती' होती, आणि ती आमच्याच गावच्या घळींत. मार्गदर्शक म्हणून फळ्यावर सरांचं नाव लिहिलं होतं. ते मी दोनदा वाचलं. मला आनंद झाला. खरंच सांगते, इतका आनंद मला नोकरीच्या ऑर्डरीनंही झाला नव्हता. भाकरी थापताना, मिरच्या कुटताना ज्या माणसाला मी मनातल्या मनात शेकडो उत्तरं दिली होती तो आपल्या पायांनी माझ्या शिवेत येत होता.

त्या सकाळी मी घरून निघाले तेव्हा सासूबाईंनी माझं तोंड पाहिलं. "कसाले इतली खदखदी राहिनी व?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, काही नाही, शाळेचं काम आहे.

सर गाडीतून उतरले. केस पिकले होते, पोट आलं होतं, डोक्यावर साहेबी हॅट. त्यांनी मला ओळखलं. मला वाटलं होतं नजर चुकवतील. उलट दोन्ही हात पसरून म्हणाले, "अरे, तू इथं! म्हटलं नव्हतं मी, लग्न होईल म्हणून? किती मुलं?" मग शिबिर भरवणाऱ्या शिक्षण विस्तार अधिकारी साहेबांकडे वळून म्हणाले, "ही माझी विद्यार्थिनी." साहेबांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मी दातावर दात ठेवून नमस्कार केला.

घळींकडे जायचं तर जुन्या गाडरस्त्यानं जावं लागतं. वळणावर आलो आणि सर थबकले. त्यांची नजर खरवडलेल्या कोपऱ्यावर गेली होती. त्यांनी खिशातून भिंग काढलं, मग बाटली काढली, पातळ केलेल्या ॲसिडचा थेंब त्या पांढऱ्या थरावर सोडला. फसफस करून बुडबुडे आले. चुन्यावर यायचेच. सरांचा चेहरा असा उजळला की क्षणभर मला त्यांची कीव येईल की काय अशी भीती वाटली. आली नाही.

"या, सगळे पुढं या," त्यांनी हाक दिली. "आज तुम्ही भाग्यवान आहात. आपल्या खानदेशात सगळीकडे लाव्हाचा काळा खडक. पण दोन लाव्हांच्या मधल्या काळात कुठं कुठं गोड्या पाण्याची तळी होती. त्यांच्या तळाशी चुनखडक साचला. तो सापडणं फार दुर्मीळ. आणि इथं तो आपल्यासमोर उभा आहे."

शिक्षक वह्या काढून लिहायला लागले. साहेब पुढं येऊन वाकून बघायला लागले. मी तिथंच सांगू शकले असते. एका वाक्याचं काम होतं. मी मूग गिळून उभी राहिले, कारण खड्डा अजून पुरेसा खोल झाला नव्हता.

"सर," मी शाळकरी मुलीसारखा हात वर करून विचारलं, "हे तांबडे थर कसले?"

"उत्तम प्रश्न," सर म्हणाले. "पांढरा थर म्हणजे भरपूर पावसाचा काळ. तळं भरलेलं. तांबडा म्हणजे दुष्काळ. काठावरची लोहयुक्त माती वाऱ्यानं आत येऊन पडली." लोह होतंच त्यात. गेरूत असतंच.

"म्हणजे एकेक थर किती वर्षांचा?"

"हजारो वर्षांचा, बाई." आता मला त्यांनी बाई म्हटलं, कारण मी चांगले प्रश्न विचारत होते. "मी यावर लेख लिहिणार आहे. साहेब, या गावाचं नाव होईल." साहेब म्हणाले, इथं फलक लावून घेऊ, शाळेच्या सहली आणू. रावेरच्या एका बाईंनी मला हळूच म्हटलं, तुमचे सर किती विद्वान आहेत हो.

मग मी पुढं गेले. कवचाच्या कडेवर, बाहेरून आत मोजत, एका तांबड्या रेघेवर बोट ठेवलं.

"सर, हा थर माझ्या लग्नाचा आहे."

कुणाला काही कळलं नाही. दोघं-तिघं हसले. सर म्हणाले, "काय?"

"याच्या बाहेरचा माझ्या धाकट्या दिराचा. त्याच्या बाहेरचा शेजारच्या आबांच्या नातवाचा. आतले सासूबाईंना विचारावे लागतील, एक त्यांचाही असेल." मग मी रीत सांगितली. शांतपणे, वर्गात सांगते तशी, चुना कोण लावतो, गेरू कोण ओढतं, वरात कुठं थांबते. सांगताना मी सरांकडे बघत नव्हते, साहेबांकडे बघत होते. सर काय बोलतात ते मला नुसतं ऐकायचं होतं.

"काहीतरी बोलू नका," सर म्हणाले. आवाज चढला होता. "शास्त्र आहे हे. ॲसिडला प्रतिसाद दिलाय."

"चुना देणारच, सर. तुम्हीच पहिल्या तासाला सांगितलं होतं, दगडाला आधी प्रदक्षिणा घाला, मग तोंड उघडा. तुम्ही मागं गेलातच नाही. काटे आहेत, खरं आहे." आणि मी बोरीच्या काट्यांतून मागं शिरले. पदर फाटला, हातावर ओरखडे आले, तरी मला त्या वेळी कुणी मखमलीवरून चालवल्यासारखं वाटत होतं. फांद्या दाबून धरल्या आणि म्हटलं, "साहेब, या. जपून या."

साहेब आले. मग एकेक करून सगळे आले. काळा कुळकुळीत पाषाण, त्यावर पांढऱ्याचा कणही नाही. शेवटी सर आले. त्यांनी ॲसिडचा थेंब टाकला. थेंब नुसता ओघळला. त्यांनी पुन्हा टाकला. कुणी हसलं नाही, ते मला थोडं कमी वाटलं. पण शिक्षकांनी वह्यांतलं लिहिलेलं खोडायला सुरुवात केली आणि त्या पेन्सिलींचा खरखर आवाज मी डोळे मिटून ऐकला.

"जाऊ द्या," साहेब म्हणाले, "आता पुढं घळींचं काय ते दाखवा." सर घसा खाकरून दोन पावलं गेले आणि घळीच्या तोंडाशी थांबले. कुठून उतरायचं ते त्यांना माहीत नव्हतं. त्या वाटा फक्त गुराख्यांना आणि मला माहीत आहेत. मी म्हटलं, "इकडून," आणि पुढं झाले.

मग दोन तास मी बोलले. पावसाचं पाणी काळ्या मातीतला चुना विरघळवून खाली नेतं आणि उन्हाळ्यात पाणी उडालं की तो चुना मातीत गाठी धरून कसा राहतो ते दाखवलं. जुन्या झाडांच्या मुळांभोवती चुना धरून मूळ कुजून गेल्यावर उरलेल्या पोकळ नळ्या दाखवल्या. रावेरच्या बाई एक नळी उचलून तिच्यातून पलीकडे बघत राहिल्या. घळीच्या एकाच भिंतीत तापीचे किती पूर वाचता येतात ते दाखवलं. प्रश्न आले, मी उत्तरं दिली. एकाचं उत्तर मला येत नव्हतं, तेही सांगितलं. सर मागून येत होते. मी मुद्दाम उन्हाच्या बाजूनं चालवलं. सावलीची वाट होती, पण ती मी सुनेच्या नात्यानं घरच्या माणसांसाठी राखून ठेवली आहे.

परत आलो तेव्हा गावच्या शाळेपुढं लिंबाखाली टेबल मांडलं होतं. सासूबाई ताकाचं भांडं घेऊन आल्या होत्या. सरांचा उतरलेला चेहरा बघून त्या मला म्हणाल्या, "त्या मास्तरले आधी दे, नही ते ऊनमा पडी जाई." मी दिलं. ताकाशी माझं वैर नव्हतं.

टेबलावर शाल आणि नारळ होता. समारोपाचं भाषण साहेबांनी केलं. सकाळचा प्रकार त्यांनी एका वाक्यात गिळून टाकला, "शास्त्रात मतभेद असतातच." मग माझ्याकडे वळले. आज बाईंनी जे दाखवलं त्याला तोड नाही, म्हणाले. टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली. आणि पुढं ते म्हणाले, "पण ही मूर्ती दगडातून घडवली कुणी? तो शिल्पकार आपल्यात बसलाय. असे विद्यार्थी तयार करणारे गुरू आता कुठं राहिले? आजचं खरं श्रेय सरांचं."

पुन्हा टाळ्या, आधीपेक्षा मोठ्या. आणि सर उठले. सकाळपासून खाली पडलेली त्यांची मान वर आली. हात जोडून ते म्हणाले, "मी निमित्तमात्र." काट्यांतून, उन्हातून, दहा वर्षांतून ओढून आणलेलं सगळं त्या माणसानं बसल्या जागी उचललं आणि खिशात टाकलं. तेही नम्रपणे.

"बाई, गुरूंचा सत्कार तुमच्याच हस्ते होऊ द्या," साहेब म्हणाले. चोपड्याचा फोटोवाला कॅमेरा डोळ्याला लावून पुढं आला. सर खांदे किंचित पुढं करून उभे राहिले.

मी शाल उचलली. घडी उलगडली.

"साहेब, या सरांनी मला एक दिवसही रानात नेलेलं नाही. सगळा वर्ग नेला, मला मुलगी म्हणून ठेवलं, आणि मग मी रान पाहिलं नाही म्हणून माझे गुण कापले. मला पुण्याला जायचं होतं, जाता आलं नाही. आज तुम्हाला जे दाखवलं ते मी इथं सून होऊन आल्यावर, पोरं झोपवून, एकटीनं हिंडून शिकले. यांनी मला घडवलं नाही. यांनी मला अडवलं."

सर म्हणाले, "अगं, त्या काळी..."

मी ते ऐकून घेतलं नाही. शाल झटकली आणि माझ्या स्वतःच्या खांद्यावर घेतली. दोन्ही पदर पुढं ओढून नीट बसवले. फोटोवाल्यानं सवयीनं बटण दाबलं. नारळ टेबलावरच राहू दिला, तो ज्याला हवा त्यानं फोडावा. सासूबाईंच्या हातातलं रिकामं भांडं घेतलं आणि घराकडे चालायला लागले. सासूबाई माझ्याबरोबर निघाल्या.

मे महिना, डोक्यावर ऊन, आणि अंगावर लोकरीची शाल. पाठीवरून घामाचे ओघळ वाहत होते, जीव घुसमटत होता. सासूबाई म्हणाल्या, "काढ व ती." मी म्हटलं, "अजून बघताहेत ते." आणि घराचं दार लागेपर्यंत मी ती खांद्यावरून ढळू दिली नाही.